डोळे मिटून ऐकणारा बाप

"आबाजी, बाबा डोळे उघडून नाही राहिले."

फोन जावयाच्या नंबरवरून आला होता आणि आवाज होता माझ्या नातीचा. यशोधरा, आमची यशू, बारा वर्षांची. ही मुलगी फोनवर कधी बोलत नाही. बोलताना ती अडखळते, आणि फोनवर तर पहिला शब्दच तिच्या तोंडून निघत नाही. त्या सकाळी मात्र तिने आख्खं वाक्य एका दमात, कुठेही न अडकता म्हटलं. आणि मी, चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, तिला काय म्हणालो? "शाब्बास यशू! किती स्वच्छ बोललीस गं!" आज इतक्या आठवड्यांनीही ते 'शाब्बास' माझ्या कानातून जात नाही...  मग तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी अडखळत, आणि मला कळलं.

शेजारच्यांना हाक मार, दार उघडं ठेव, असं काहीबाही तिला सांगून मी उमरेडच्या बसस्टँडकडे निघालो. नागपूरच्या बसमध्ये बसल्यावर सुजाताचा, माझ्या मुलीचा, फोन आला. ती मौद्याच्या वीज प्रकल्पात नोकरी करते. कामाच्या जागी तिला फोन जवळ ठेवता येत नाही, म्हणून यशूने मला लावला होता; तिला शेजाऱ्यांनी प्रकल्पाच्या ऑफिसात निरोप देऊन कळवलं होतं. सुजाता एवढंच म्हणाली, "बाबा, सावकाश या. आता घाई नाही." कंडक्टरने तिकिटासाठी हात पुढे केला तेव्हा माझी उजवी मूठ उघडेना. उघडली तर तिच्यात वाटाण्याच्या शेंगा. फोन आला तेव्हा मी सोलत बसलो होतो. कंडक्टरने शेंगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिकीट माझ्या खिशात सरकवून तो पुढे गेला.

मिलिंदराव, माझे जावई, पंचेचाळिशीचेही नव्हते. ना साखर, ना बीपी. आदल्या रविवारी माझ्या घरी येऊन छतावरच्या टाकीचा नळ बदलून गेले होते. नागपुरात सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा पुढच्या खोलीत माणसं दाटली होती, आणि मी ज्याला त्याला विचारत होतो, "पण झालं काय? नळ बदलला ना त्यांनी परवा?" माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. नळ बदलणारा माणूस असा कसा जाईल...

झालं ते असं. सकाळी सुजाता बसने गेली. नेहमीप्रमाणे मिलिंदराव खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसले, यशू खाली चटईवर. ती धडा मोठ्याने वाचू लागली आणि त्यांनी डोळे मिटले. ती वाचायला लागली की ते डोळे मिटायचे, हा त्या घरातला नियमच होता. कोणी पाहत नसलं की यशूची जीभ मोकळी होते. धडा संपला. बाबा डोळे उघडेनात. ते कधी कधी तसेच बसून पुढचा प्रश्न मनात जुळवायचे, म्हणून ती थांबली. मग स्वाध्याय लिहायला घेतला. तो संपला तरी डोळे मिटलेलेच, तेव्हा तिने हाक मारली. मग हात लावला.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार. कोणी डॉक्टर शेजारी बसलेला असता तरी काही करता आलं नसतं. हे ते सुजाताला आणि मला म्हणाले. यशूला कोणी सांगितलं नाही. तिच्या मनात काय चाललं असेल, हे त्या दिवशी आम्हा मोठ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मिलिंदरावांबद्दल आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट पक्की झालेली आहे. या माणसाने चांगली नोकरी सोडली, बायकोला राबायला लावलं आणि पोरीला शाळेतून काढून घरी बसवलं. डोकं फिरलं होतं, कुठलंसं परदेशी खूळ शिरलं होतं, वगैरे. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी असल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ती मी पसरू दिली. हा लेख त्यासाठी आहे. यात यशूबद्दल लिहू का, हे मी तिला विचारलंय. तिने मान हलवली तेव्हाच लिहायला बसलो.

आमच्या घरात शाळा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. माझा बाप उमरेडला हातमागावर धोतरं विणायचा. छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेला, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो म्हणतात. परत आल्यावर त्याने घरातले देव गाठोड्यात बांधले आणि मला शाळेत नेऊन बसवलं, ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात केली. त्याचा मुलगा जिल्हा परिषदेचा मुख्याध्यापक झाला. दर जूनमध्ये मी गावात दारोदार फिरून शाळेबाहेरची मुलं शोधायचो. शेण थापणाऱ्या, लहान भाऊ कडेवर घेतलेल्या पोरींना हाताला धरून वर्गात आणायचो. बाया मला पाहून दारं लावून घेत, "आला वं गुरुजी, लपव पोट्टीले!" निवृत्तीनंतर समाजाच्या कार्यक्रमांत शिक्षणावर बोलायला मलाच बोलावतात. मुलीला शाळेत पाठवा, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन याची गणती नाही.

यशू तिसरीत असताना तिच्या वर्गात रोज एकेकाला उभं करून वाचायला लावत. मुलं तिला 'हकली' म्हणायची. बाई हसायच्या नाहीत, पण थांबवायच्याही नाहीत. पुढे सकाळी युनिफॉर्म घातला की यशूला उलटी व्हायला लागली. मग ती घरीही बोलेनाशी झाली. दिवाळीच्या सुट्टीत सुजाता आणि मिलिंदराव तिला घेऊन माझ्याकडे आले, ते हाच प्रश्न घेऊन. शाळा बदलून पाहायची का? डॉक्टर, स्पीच थेरपी, सगळं सुरू होतं. पण शाळेत जाऊन पोरगी रोज मरून येते, असं सुजाता म्हणाली आणि रडली.

मी यशूला माझ्यासमोर बसवून वाचायला सांगितलं. अक्षर निघेना. मी गुरुजीच्या खुर्चीत बसल्यासारखा तिच्या तोंडाकडे पाहत होतो... दुपारी जेवण झाल्यावर मी आरामखुर्चीत पडलो. मला झोप लागली असं समजून ती पायाशी येऊन बसली आणि माझ्या टेबलावरचं एक जुनं पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचायला लागली. झरझर. वाक्यामागून वाक्य. मी जागा होतो. डोळे मिटूनच ऐकत राहिलो, श्वासही जपून घेत.

संध्याकाळी मी मिलिंदरावांना अंगणात बोलावलं आणि म्हटलं, "हिला शाळेतून काढा. वर्ष-दोन वर्षं घरी शिकवा. वाचायला लागली की तिच्याकडे पाहू नका. डोळे मिटा."

ते चमकले. "मामाजी, हे तुम्ही सांगून राहिले? तुम्ही?"

"मीच सांगतोय. पण मी सांगितलं असं कुठे बोलू नका." आणि मग जे म्हणालो ते लिहायला आजही हात अडतो. "समाजात माझं तोंड राहणार नाही."

त्यांनी दारातून आत, यशूकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही सांगत." एवढंच. शपथ नाही, अट नाही. आणि त्या माणसाने तो शब्द मरेपर्यंत पाळला.

वास्तुविशारदाच्या ऑफिसातली नकाशे काढायची नोकरी त्यांनी सोडली. सुजाताची नोकरी पक्की होती, म्हणून घरी थांबायचं त्यांनी ठरवलं. नकाशांची थोडी कामं घरी आणून, यशू खेळायला गेली की ती करायचे. सोपं काहीच नव्हतं. लोकांना वाटतं, अशा आईबापांना फार खात्री असते. मी या दोघांना जवळून पाहिलंय, खात्री कशाचीच नव्हती. दहावीला कसं बसवायचं, बाहेरून बसता येतं म्हणतात पण शाळेचा दाखला मागितला तर काय? मैत्रिणी कुठून येतील? सुजाता बसमधून मला फोन करायची आणि हेच प्रश्न फिरवून फिरवून विचारायची. एकदा जेवताना तिने माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं, "उद्या तुम्हाला काही झालं तर मी एकटी काय करू?"

"मले काय होते वं?" मिलिंदराव भाजी वाढता वाढता म्हणाले. "रोज हायवेनं मौद्याले तू जातेस. मी तर खुर्चीत बसून राहतो." आम्ही तिघंही हसलो होतो. मीही.

त्यांची स्वतःची काळजी वेगळी होती. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली, सक्करदरा तलावाच्या काठी, यशू पुढे धावत असताना. "मामाजी, एक विचारू? मी हिले सांभाळून राहिलो, का लपवून राहिलो?" मी म्हटलं, असं काही नसतं. मास्तर लोकांना उत्तर येत नसलं की ते असंच म्हणतात.

पण ते लपवत नव्हते. दर आठवड्याला ते तिला बाजारात न्यायचे. भाजीवालीसमोर तिला उभं करून स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे, पिशवी हातात आणि तोंड रस्त्याकडे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भाजीवालीने त्यांना हटकलं, "काहून गा, पोरीवर रुसला का?" हे आपले रस्त्याकडे पाहत, "नाही वं, मले ऊन लागते त्या बाजूनं." यशू 'पालक'च्या पहिल्या अक्षरावर अडकलेली. भाजीवाली म्हणाली, "बोल माय, सावकाश बोल. मी बसलीच हावो दिवसभर." पालक आला, कोथिंबीर आली, आणि वर एक लिंबू फुकट मागून आणलं. लिंबू मागताना ती अडखळली होती की नाही, मला आठवत नाही. मिलिंदरावांनी वळून तिच्या हातातलं लिंबू पाहिलं आणि म्हणाले, "एकच? आबाजीले नाही मागितलं?" ती पुन्हा गेली.

आणि तो दिवस. मी सक्करदऱ्याला राहायला गेलो होतो. सकाळी दारावर एक तरुण शिक्षिका आली, गळ्यात ओळखपत्र, हातात शाळेबाहेरच्या मुलांच्या पाहणीचे कागद. जन्मभर मी केलेलं काम माझ्याच मुलीच्या उंबऱ्यावर येऊन उभं होतं. "घरात शाळेत न जाणारं मूल आहे का, काका?" आणि मी, विचारही न करता, "नात आहे, पण ती उमरेडला शिकते, माझ्याकडे. सुट्टीवर आलीय." चाळीस वर्षं ज्या थापा मी लोकांच्या तोंडून ऐकल्या, त्यातलीच एक.

आतून मिलिंदराव आले. "नाही मॅडम. मुलगी शाळेत जात नाही. घरीच शिकते. लिहा तुम्ही."

ती गोंधळली. "कारण काय लिहू? कोणाचा निर्णय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. "माझा," ते म्हणाले.

ती गेल्यावर मी मान वर करू शकत नव्हतो. ते चहा घेऊन आले, कप हातात दिला आणि म्हणाले, "मामाजी, तुम्ही रिटायर झाले, पण शाळेचा पट भरणं काही सोडलं नाही!" त्यांच्या हसण्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

माझी धाकटी बहीण शकुन त्यांना तोंडावर टोमणे मारायची. "जावईबापू, आमच्या पोट्टीले दहावीचा कागद कोण देईन, तुम्हीच काढसान का नकाशासारखा?" ते म्हणायचे, "काढतो ना आत्या, स्केल सांगा फक्त." सगळे हसायचे. मीही त्यात हसलो आहे, हे इथे लिहून ठेवतो.

ते गेले त्या दिवशी शकुन पुढच्या खोलीत बायकांमध्ये बसून म्हणाली, "शाळेत असती पोट्टी तर हा ऑफिसात असता. चार माणसं असती जवळ, उचलून नेलं असतं. इथं पोट्टी वाचत बसली, आन् बाप गेला." यशू दारात उभी होती. तिने ऐकलं, मी तिला ऐकताना पाहिलं. तेव्हा मला उठून एवढंच म्हणायचं होतं, शकुन, थांब, हे माझं सांगणं होतं. मी उठलो नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या स्मरणासाठी सगळे जमले तेव्हा, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी त्यांचा साधेपणा, प्रेमळपणा, कष्टाळू स्वभाव यांवर बोललो. चांगलं बोललो म्हणे. लोक येऊन हात हातात घेत होते. सुजाता भिंतीला टेकून बसली होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आज तरी बोलाल असं वाटलं होतं मले." आणि उठून चटया गुंडाळायला लागली.

फोनवरच्या त्या वाक्यानंतर यशू बोललीच नाही. मान हलवायची, बोटाने दाखवायची, बस. सुजाताने जूनमध्ये तिला जवळच्या शाळेत घालायचं मनात आणलं होतं, दुसरा इलाज काय? पण न बोलणारं मूल कोणत्या शाळेत पाठवायचं? गेल्या आठवड्यात मी गेलो. आधी शकुनला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि यशूला समोर बसवलं. म्हटलं, "शकुन, यशूला शाळेतून काढायला मी सांगितलं होतं. डोळे मिटून ऐका, हेही मीच सांगितलं. जावयाने फक्त माझं नाव झाकलं."  मग ती म्हणाली, "दादा... मंग इतके दिवस माह्या तोंडानं त्या माणसाले जे ऐकवलं, ते तू बसून ऐकत होतास काय गा?" आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने उचललेला नाही. तिचं बरोबर आहे.

मग यशूला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तू वाचत नसतीस, त्यांच्याकडे पाहत असतीस, मी किंवा तुझी आई शेजारी असती, तरी बाबा गेलेच असते. तू वाचत होतीस, तेव्हा ते ऐकत होते. ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत माफी होती की नव्हती, मला सांगता येत नाही. मी ती मागितलीही नाही. बारा वर्षांच्या मुलीवर तेवढं ओझं टाकायची माझी हिंमत नव्हती.

खिडकीपाशी वेताची खुर्ची तशीच होती. तिच्यात कोणी बसत नाही. मी चटईवर बसलो आणि म्हटलं, काही वाचतेस का, वाटलं तर. आणि सवयीने डोळे मिटले. कागदाचा आवाज आला.  मग माझ्या हातावर तिचा हात आला, घट्ट.

"आ... आबाजी. डो... डोळे उघडे ठेवा."

मी उघडले. तिने त्या दिवशीचा पेपर उचलला होता. आमच्या भागात दोन दिवस पाणीपुरवठा बंद राहणार, अशी कोपऱ्यातली छोटी बातमी. 'पाणी'च्या पहिल्याच अक्षरावर ती अडकली, मान ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडे पाहत होतो आणि ती थांबत नव्हती. एक ओळ झाली की ती कागदावरून नजर उचलायची, माझे डोळे उघडे आहेत ना ते पाहायची, आणि मग पुढची ओळ घ्यायची. जूनचं काय करायचं ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. ती छोटीशी बातमी संपायला फार वेळ लागला. माझे डोळे चुरचुरत होते, तरी मी पापणी मिटू दिली नाही.